कोकरं दोन, आई एक

जुळं केळं पोरीबाळींनी खायचं नाही, जुळी होतात, असं आपल्याकडच्या आज्या अजूनही बजावतात. बाईला जुळं होण्याची केवढी ही धास्ती! पण मेंढीला जुळं झालं तर? आमच्या माण तालुक्यात ते नवलच. इथली दख्खनी मेंढी काटक. दुष्काळात बाभळीच्या पाल्यावर, वाळक्या गवतावर तग धरते. पण एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते. ते दगावलं, की त्या मेंढीमागे केलेली सगळी राखण वाया.

मग दख्खनी मेंढीला जुळी होतील असं काही करता येईल का? या प्रश्नावर मोठं काम झालं ते आपल्या शेजारी, फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'मध्ये. हे काम पुढे नेलं डॉ. चंदा निंबकर यांनी. लेखिका जाई निंबकर यांच्या त्या कन्या, म्हणजे इरावतीबाई कर्वे यांची नात. आजीनं माणसांच्या जाती-जमातींचा अभ्यास केला, नातीनं मेंढ्यांच्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून त्यांनी याच विषयात पीएच.डी. केली.

या जुळ्यांचं मूळ सापडलं थेट बंगालमध्ये. सुंदरबनच्या दलदलीत 'गरोल' नावाची मेंढी असते. जेमतेम दहा-पंधरा किलोची. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे तिथल्या 'बुरुला' नावाच्या फार्मवर भरपूर कोकरं देणारा कळप तयार झाला. त्याचं कारण शोधता शोधता शास्त्रज्ञ एका जनुकापर्यंत पोचले आणि त्याचा धागा बंगालच्या मेंढीशी जुळला. आपल्याच देशातली वस्तू, पण तिची किंमत कळायला सातासमुद्रापार फेरी पडली!

जनुक म्हणजे काय? आपल्या प्रत्येक पेशीत शरीर घडवण्याच्या सूचना लिहून ठेवलेल्या असतात. एक जनुक म्हणजे त्यातली एक सूचना. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मेंढीच्या अंडाशयात एरवी एका वेळी एकच बीज पिकतं. गरोलच्या या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे बीजं लवकर पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन सुटतात. हे बदललेलं अक्षर २००१ साली शास्त्रज्ञांच्या तीन गटांनी शोधून काढलं. एका अक्षराची ही करामत! आपण नाही का म्हणत, काना-मात्रा चुकली की अर्थ बदलतो.

फलटणला १९९०च्या दशकात गरोल मेंढ्या आणल्या होत्या. पण जुळ्यांबरोबर गरोलचा बुटकेपणाही यायला लागला, आणि लहान कोकराला बाजारात काय भाव येणार? म्हणून संकरातून झालेल्या, हे जनुक असलेल्या कोकरांचा संकर पुन्हा दख्खनीशीच करायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. दर पिढीला गरोलचा वाटा निम्म्यावर यायचा. अर्धा, पाव, अर्धपाव. जनुक तेवढं निवडून ठेवायचं. पण नुसतं बघून ते कळत नाही. आधी नराच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट बघावी लागे. २००१ नंतर मात्र थेंबभर रक्तावरून कोकरू लहान असतानाच समजू लागलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकावर काम केलं. अशी जी मेंढी तयार झाली, तिचं नाव 'नारी सुवर्णा'.

ओळखीच्या एका धनगर मावशींना मी हे सगळं मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन झाली तर बरंच हाय की. पर दुसऱ्याला पाजायचं कुणी? मलाच न्हवं?"

मला वाटतं, या सगळ्या संशोधनाची खरी परीक्षा या प्रश्नात आहे. मेंढ्या रानात जातात, तान्ही कोकरं वाड्यावर राहतात, आणि ती सांभाळायची बाईनं. कळप लांब चरायला निघाला की कोकरं घोड्यावर, नाहीतर बाईच्या कडेवर. दख्खनी मेंढीला दूध बेताचंच, दोघांना पुरेल याचा भरवसा नाही. मग कळपातल्या शेळीचं दूध बाटलीनं पाजा. थंडीत ऊब द्या. मेंढीला जादा खुराक घाला. हा खुराक माणसारख्या पाण्याच्या मारामारीच्या मुलखात आणायचा कुठून?

म्हणूनच अधिक ते चांगलं, हा हिशेब इथे लागू पडत नाही. या जनुकाची एक प्रत असली तर एक किंवा दोन कोकरं, क्वचित तीन. दोन्ही प्रती आल्या, तर तिळ्यांचा धोका वाढतो. तिळी कोकरं जन्मतःच लहान, नाजूक, आणि आईच्या दुधावर तिन्ही जगणं मुश्कील. त्यामुळे धनगराच्या कळपात मेंढीकडे एकच प्रत असलेली बरी. बायकांना हे वेगळं सांगायला नको. पाहुणे किती बोलवायचे, ते भाकरीच्या टोपलीकडे बघून ठरवावं लागतं.

मैत्रिणींनो, घरात मेंढरं असतील आणि असा नर घ्यायचा विचार चालला असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नर आणला म्हणून यंदा जुळी होणार नाहीत. जुळी होणं मेंढीच्या अंडाशयावर ठरतं, त्यामुळे फायदा दिसेल तो त्याच्या लेकींत. नराकडे दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक लेकीला एक मिळेल, एकच असेल तर निम्म्या लेकींनाच. म्हणून रक्ततपासणीचा कागद मागून घ्या. दुसरी, जुळ्यांना पाजण्या-सांभाळण्याची सोय आधी करा, मग जुळ्यांची हौस.

आणि तिसरी गोष्ट घरातल्या कारभाऱ्यांसाठी. पहिलं कोकरू मेंढीनं दिलं, दुसरं जगवलं बाईनं. बाजारात ते विकून आल्यावर पैसे कुणाच्या हातात पडतात? हा प्रश्न कुठल्याच प्रयोगशाळेत सुटणार नाही. तो आपल्याच ओसरीवर सोडवायचा आहे. दुसऱ्या कोकराचे पैसे तिच्या खात्यावर भरायला सुरुवात तरी करा!