पुस्तकातील वीर आणि पडद्यावरील वीर

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या कपाटात कै. भास्कर रामचंद्र भागवत यांच्या 'फास्टर फेणे' मालिकेतील काही पुस्तके आहेत. त्यांचे पुठ्ठे खिळखिळे झाले असून दोहोंची पहिली पाने गहाळ आहेत. कित्येक महिने त्यांस कोणी हात लावला नव्हता. पुढे एका सुटीत त्याच नावाचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, आणि शाळा उघडताच सातवीच्या एका वर्गाने ती सर्व पुस्तके चार दिवसांत उचलून नेली. मला झालेला आनंद वर्णन करून सांगण्यासारखा नाही. परंतु तो पंधरा दिवसच टिकला. पुस्तक परत करण्यास आलेल्या एका विद्यार्थ्याने ते माझ्या मेजावर ठेवले आणि अत्यंत गंभीर मुद्रेने म्हटले, "सर, ह्यातला फेणे खरा नाही. हा तर लहान मुलगा आहे!"

वाचकहो, मी क्षणभर निरुत्तर झालो. कारण 2017 साली हा चित्रपट पाहून मी चित्रपटगृहाबाहेर आलो, तेव्हा माझी तक्रार ह्याच्या नेमकी उलट होती. मी म्हटले होते की, ह्यातला फेणे खरा नाही. हा तर मोठा माणूस आहे.

ज्या पालकांस व विद्यार्थ्यांस ह्या वीराचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पुण्याजवळील फुरसुंगी गावचा बनेश फेणे हा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा एक किडकिडीत मुलगा. त्याच्या अंगी विलक्षण चपळाई आणि त्याहून विलक्षण चौकसबुद्धी. संकट आले, अथवा एखादी कल्पना सुचली, की त्याच्या तोंडून 'टॉक्' असा आवाज निघे. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' ही केवळ नावे वाचली तरी ह्या मुलाने कोठकोठे संचार केला असेल ह्याची कल्पना येईल. भागवत (1910–2001) हे ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे लेखक. 'बालमित्र' मासिकाचे ते संपादक होते. मुलांना काय हवे असते हे त्यांस पुरते ठाऊक होते. पुस्तकांतील चित्रे राम वाईरकर ह्यांची. ह्याच वाईरकरांनी पुढे 'अमर चित्र कथे'साठी आणि 'टिंकल'मधील सुपंडीसाठी कुंचला चालविला. म्हणजे आमच्या पिढीच्या मनात फेण्याचे जे रूप ठसले, ते निम्मे भागवतांच्या शब्दांचे व निम्मे वाईरकरांच्या रेषांचे होते.

चित्रपट आदित्य सरपोतदार ह्यांनी दिग्दर्शित केला. बनेशची भूमिका अमेय वाघ ह्यांनी केली, आणि स्वतः भागवतांनाच एक पात्र करून ती भूमिका दिलीप प्रभावळकर ह्यांजकडे सोपविली, ही योजना मला मनापासून आवडली. परंतु येथला बनेश शाळकरी नाही. तो वैद्यकीय शिक्षणाची प्रवेशपरीक्षा देण्यास पुण्यास येतो आणि परीक्षेच्या निमित्ताने भेटलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या संशयास्पद मृत्यूचा छडा लावतो. 'टॉक्' तेवढे कायम आहे. काळही आजचा आहे. शिक्षणाच्या बाजारात चालणारी लबाडी हा विषय तर आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा.

ह्यावर वाचकांत दोन तट पडले. एक तट म्हणे की, लहान मुलांच्या हक्काचा एक वीर होता, तोही मोठ्यांनी पळविला. दुसरा म्हणे की, पुस्तके वाचणारी मुले आता चाळिशीची झाली. त्यांच्याबरोबर फेणेही दहा पावले पुढे आला तर बिघडले काय? माझ्या परिचयाचे एक पालक खैरानी रोडवरील एका कारखान्यात यंत्रावर काम करतात. लहानपणी गावच्या वाचनालयात त्यांनी ही सर्व पुस्तके वाचली होती. ते मुलाला घेऊन मोठ्या उत्साहाने चित्रपटास गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "सर, चित्रपट चांगला आहे, पोरगा खूश झाला. पण फेणे मोठा झाला म्हणजे आपण म्हातारे झालो की हो!"

मला वाटते, ह्या साध्या वाक्यात तक्रारीचे अर्धे रहस्य आहे. पुस्तकातील वीराचे वय वाढत नाही. आपण दहावी होतो, नोकरीस लागतो, केस पिकतात. तो मात्र इयत्ता बदलीत नाही. त्यामुळे आपले बालपण त्याच्यापाशी ठेव म्हणून सुरक्षित आहे असे आपणांस वाटत असते. ती ठेव कोणी आपणांस न विचारता हलविली, की मन दुखावते.

उरलेले अर्धे रहस्य वाचनाच्या क्रियेत आहे. छापील पानावरचे चित्र स्थिर असते. एका चित्रात वीर भिंतीवर चढताना दिसतो, दुसऱ्यात तो पलीकडे उतरलेला असतो; मधली उडी वाचकाने स्वतः मारावयाची असते. वीराचा आवाज कसा, तो कसा हसतो, रस्त्यावरून कसा चालतो, हे सारे वाचक आपल्या पदरचे घालतो. म्हणून एका पुस्तकाचे हजार वाचक असतील तर वीरही हजार असतात. पडद्यावर मात्र एकच देह आणि एकच आवाज येऊ शकतो. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांस तो परका वाटणार, ह्यात नवल ते काय?

'चिंटू'चे उदाहरण घ्या. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ह्यांची ही चित्रमालिका 1991 च्या नोव्हेंबरात 'सकाळ' दैनिकात सुरू झाली. तीनचार चौकटींत एक गंमत, सकाळच्या चहाबरोबर संपणारी. श्रीरंग गोडबोले ह्यांनी 2012 मध्ये तिजवर चित्रपट केला, तेव्हा अडचण आवाजापुरती नव्हती. चौकटी तीन आणि चित्रपट दोन तासांचा! साहजिकच सलग कथानक रचावे लागले. त्यात मुलांच्या खेळाच्या जागेवर खाद्यपदार्थांची गाडी येऊन उभी राहते आणि सारी फौज ती जागा परत मिळविण्यास निघते. साकीनाक्याच्या मुलांस हे दुःख समजावून सांगण्याची गरज पडली नाही. 'चिंटू'च्या नित्य वाचकांस मात्र चटका लावून संपणारा तो लहानसा विनोद त्या लांबीत कोठे कोठे हरवल्यासारखा वाटला. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे.

आता वेताळाकडे वळू. 'इंद्रजाल कॉमिक्स' ही पुस्तिकामाला मुंबईत टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च 1964 मध्ये सुरू केली आणि 1990 पर्यंत तिचे 803 अंक निघाले. त्या मराठीतही मिळत. वसतिगृहात असताना मी त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचीत असे, आणि दोनदा पकडला गेलो. तिचा प्रमुख वीर वेताळ, म्हणजे ली फॉक ह्यांनी 1936 साली निर्मिलेला 'फँटम'. ह्याच्या पोशाखाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. मूळ जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटली व ब्राझील येथे लाल, आपल्या इंद्रजालातही आरंभी तो निळाच छापला जाई. इतकेच काय, मूळ कथेतील बंगाला देशाचे नाव येथील वाचकांस बंगालची आठवण होऊ नये म्हणून बदलून डेंकाली केले होते. 1996 साली हॉलिवुडने बिली झेन ह्या नटास जांभळा पोशाख चढवून चित्रपट काढला, तेव्हा निळ्या वेताळावर वाढलेल्या वाचकास तो रंगच मुळी चुकीचा वाटला. वास्तविक रंग मुळाबरहुकूम होता! आपण ज्यास 'मूळ' म्हणतो ते पुष्कळदा आपल्या हाती प्रथम आलेली प्रत एवढेच असते.

रोष केव्हा केव्हा चित्र पाहण्यापूर्वीच उसळतो. 1989 च्या 'बॅटमॅन' चित्रपटासाठी मायकेल कीटन ह्या नटाची निवड झाली, तेव्हा तो विनोदी भूमिका करणारा म्हणून ठाऊक होता. आमच्या गंभीर वीराची थट्टा होणार ह्या भयाने वाचकांनी वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे निषेधाची हजारो पत्रे पाठविली. त्यांची संख्या 50,000 सांगतात. चित्रपट प्रदर्शित झाला, आणि पुढे त्याच कीटनला कित्येकांनी खरा बॅटमॅन ठरविले. पत्रे लिहिणाऱ्यांस हसू नये. ज्याविषयी काही वाटत नाही त्याच्यासाठी पोस्टाचा खर्च कोणी करीत नसतो.

नट हुबेहूब दिसला पाहिजे असाही प्रेक्षकांचा हट्ट नसतो. दादासाहेब फाळके ह्यांच्या 1917 च्या 'लंकादहन' चित्रपटात अण्णा साळुंके ह्या एकाच पुरुषाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि तरीही चित्रपटगृहे ओसंडून वाहिली. वीराचा स्वभाव ओळखीचा निघाला की डोळे पुष्कळ क्षमा करतात. वाघांच्या फेण्यातही ती निर्भय चौकसबुद्धी आहे, हे मी दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना कबूल केले. तरी एक गोष्ट मला अजून सलते. बारा वर्षांचा वाचक पुस्तकातील फेण्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत असे. पडद्यावरील फेण्याकडे त्याला मान वर करून पाहावे लागते. मराठीत शाळकरी वयाचे वीर आहेतच किती? त्यांतला एक मोठा झाला तर मागे रिकामी जागा उरते, आणि ती भरून काढणारे कोणी मला अद्याप दिसले नाही.

असो. त्या सातवीच्या विद्यार्थ्याशी मी वाद घातला नाही. पुढील तासाला 'चक्रीवादळात फास्टर फेणे' वर्गात नेऊन मोठ्याने वाचले, चित्रे कोणास दाखविली नाहीत, आणि प्रत्येकाने आपला फेणे काढून आणावा असे सांगितले. ज्यांनी चित्रपट पाहिला होता त्यांनी उंच तरुण काढला. जुनी पुस्तके वाचलेल्या दोघातिघांनी वाईरकरांच्या रेषा आठवून आठवून गिरविल्या. एका मुलीने दोन्हींपैकी काहीच पाहिलेले नव्हते. तिचा फेणे पाठीवर दप्तर टाकून, मेट्रोच्या खांबांखालून, अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील मालमोटारींच्या गर्दीतून सायकल हाकीत आहे. 'खरा फेणे' म्हणून वाद घालणारा आमचा विद्यार्थी त्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. नंतर त्याने 'प्रतापगडावर' मागून नेले, व ते अद्याप परत केलेले नाही.

ही सर्व चित्रे ग्रंथालयाच्या भिंतीवर लावली आहेत. पालकसभेच्या दिवशी ती अवश्य पाहावीत. मालिकेतील वीसेक पुस्तकांपैकी आमच्यापाशी निम्मीही नाहीत. कोणा पालकांच्या माळ्यावर अथवा गावच्या पेटीत एखादी जुनी प्रत पडून असेल, तर ती शाळेस द्यावी. फाटलेली असली तरी चालेल, बांधणी आम्ही करून घेऊ.