सदाफुलीची कुंडी आणि जास्तीचे पाणी

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की पुष्कळ घरांच्या पडवीत एकच तक्रार ऐकू येते. मे महिन्याच्या उन्हात भरभरून फुललेली कुंडीतली सदाफुली एकाएकी मान टाकते. झाड तहानले असे समजून घरची मंडळी आणखी तांब्याभर पाणी घालतात आणि चार दिवसांत झाड जाते.

अशा वेळी पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. माती ओली आणि पाने मात्र लोंबलेली, असे असेल तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे. बुंध्याजवळ खोड काळे पडले असल्यास ते झाड वाचत नाही. ते मातीसकट काढून टाकावे, कुंडी घासून उन्हात वाळवावी. त्याच मातीत दुसरे रोप लावू नये, कारण ही कूज बुरशीसारख्या रोगाने होते आणि तो मातीत राहतो.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. इंदूर-ग्वाल्हेरकडे तिला सदाबहार म्हणतात, वडोदऱ्यात बारमासी. कोरड्या, हलक्या जमिनीत ती आनंदाने वाढते. भिंतीच्या फटीतही उगवते. तेव्हा तिला लाड नकोत, निचरा हवा. आठ इंची मातीची कुंडी पुरे. तळाच्या भोकावर कौलाचा तुकडा पालथा ठेवावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. युरिया घालण्याचा मोह टाळावा. पाने माजतात, फुले कमी होतात. रोप बोटभर वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. ऊन निदान पाच-सहा तास हवे. बेळगाव-खानापूरकडच्या किंवा गोव्यातल्या संततधारेत कुंडी वळचणीखाली घ्यावी, पण उजेडात ठेवावी, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये.

कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. ताटली ठेवायचीच असेल तर नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात व कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा काथ्याने घासून धुवावी.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगितली पाहिजे. मधुमेहावर उपाय म्हणून सकाळी सदाफुलीची पाने किंवा फुले चावून खाणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत. कॅनडातील संशोधकांनीही मधुमेहाच्याच समजुतीवरून या पानांची परीक्षा केली. साखरेवर हवा तसा परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध मिळाले. पुढे मिळालेले व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. ही औषधे डॉक्टर अगदी मोजून शिरेतून देतात. घरी चावलेल्या पानात त्यांचे प्रमाण किती, हे कोण मोजणार? उलट्या, हातापायांना मुंग्या, पांढऱ्या पेशी कमी होणे असे त्रास होऊ शकतात. शिवाय मधुमेहाची गोळी चालू असताना पानेही खाल्ली तर साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. गरोदर स्त्रियांनी तर ती मुळीच खाऊ नयेत. जे कोणी खात असतील त्यांनी डॉक्टरांना ते न लपवता सांगावे.

पाने कडू असल्याने गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. रांगत्या मुलाला मात्र ते कळत नाही. घरात असे मूल असेल तर कुंडी उंच कट्ट्यावर ठेवावी आणि खुडलेले शेंडे पायरीवर पडू देऊ नयेत.