बर्फाचे विरजण

एप्रिलच्या दुपारी नांदेड-लातूरकडच्या शीतपेयांच्या दुकानात कधीकधी एक गंमत पाहायला मिळते. डीप फ्रीझरच्या तळातून काढलेली पाण्याची बाटली पातळच असते, पण काउंटरवर जरा आपटली की डोळ्यांदेखत आत बर्फाचा लगदा होतो. पाणी शून्याखाली कधीच गेलेले असते. गोठायला सुरुवात कुठून करायची, एवढेच अडलेले असते.

शून्य अंशाला बर्फ वितळतो. पाणी मात्र त्याच अंशाला गोठेल याची हमी नाही. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत पातळ राहू शकतात. दह्याला विरजण लागते, तसेच इथेही पहिले काही रेणू बर्फाच्या घडीत बसवून देणारा कुणीतरी लागतो. ढगात हे काम बरेचदा धूळ करते, पण बहुतेक धुळीला त्यासाठी उणे 15 अंशांच्या खालचा गारठा हवा असतो. उणे दोन अंशांनाच विरजण लावणारा एक जिवाणू आहे. त्याचे नाव स्युडोमोनास सिरिंगी.

तो पानांवर राहतो. त्याच्या बाह्य आवरणावर एक लांबलचक प्रथिन असते आणि त्यात 16 अमिनो आम्लांची जुळणी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. अशी पुष्कळ प्रथिने शेजारी-शेजारी दाटली की पाण्याच्या रेणूंना रांग धरायला साचा मिळतो. यात जिवाणूचा स्वार्थ आहे: बर्फाने पानाच्या पेशी फाटतात, रस बाहेर येतो आणि त्याच्या जेवणाची सोय होते. ज्वारी-मक्याच्या पानांवर ठिपके पाडणारा एक रोगही याच जातीमुळे होतो.

त्याचा शोध तसा अपघातानेच लागला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये करपा रोगाच्या अभ्यासासाठी मक्याच्या रोगट पानांची पूड रोपांवर टाकली होती. थंडीची लाट आली आणि नेमकी पूड टाकलेली रोपे जळाली, बाकीची तगली. तिकडे वायोमिंगमध्ये संशोधक रसेल श्नेल कुजक्या पानांनी पाणी लवकर गोठते हे तपासत होते. 1974 मध्ये त्यामागचा जिवाणू ओळखला गेला. श्नेल पुढे केनियातल्या केरिचोच्या चहामळ्यांत पोहोचले. तिथे वर्षातले शंभराहून अधिक दिवस गारा पडतात. मळ्यात तुडवला जाणारा चहाचा पालापाचोळाच वर उडून ढगाला विरजण लावत असावा, असा त्यांचा कयास होता.

मग उपयोगांची शर्यत लागली. संशोधक स्टीव्हन लिंडो यांनी बर्फ घडवणाऱ्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेला जिवाणू तयार केला. तो आधीच पानावर ठाण मांडून बसला तर खोडकर भाऊबंदांना जागा उरत नाही आणि पीक थंडीतून वाचते. एप्रिल 1987 मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीवर त्याची चाचणी ठरली. आदल्या रात्री अशा जिवाणूच्या विरोधकांनी रोपे उपटली. ती पुन्हा लावून, अंतराळवीरासारखा पोशाख घालून फवारणी झाली. पिकाचे रक्षण झाले, पण उत्पादन बाजारात आले नाही. बर्फ पाडणारा मूळ जिवाणू मात्र खपला. मारून, वाळवून केलेली त्याची भुकटी स्कीच्या उतारांवर कृत्रिम हिम पाडायला वापरतात.

मराठवाड्यात पिकावर दव गोठण्याची धास्ती फारशी नाही. इथले दुखणे आभाळातले. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये लातूर, नांदेडसह मराठवाड्यात गारपिटीने उभी ज्वारी, गहू, हरभरा झोपवला. (मराठीत ‘गार’ म्हणजे थंड आणि आभाळातून पडणारा गोळाही ‘गार’च, पण शिवार पांढरे झालेले पाहणाऱ्याला हा श्लेष सुचत नाही.) गार कांद्यासारखी थरांनी वाढते, म्हणून तिची सुरुवात कशाने झाली हे तिच्या पोटात सापडते. अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या आवारात 2010 मध्ये पाच सेंटिमीटरहून मोठ्या गारा पडल्या. त्या थराथराने वितळवून पाहिल्यावर सर्वाधिक जिवाणू गाभ्यात निघाले.

2014 च्या गारपिटीनंतर दोन वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी 2015 च्या पावसाळ्यात औरंगाबादहून विमाने उडवून पावसासाठी मराठवाड्याच्या ढगांवर सिल्व्हर आयोडाइडची फवारणी, म्हणजे ढगांचे बीजन, झाले होते. या पदार्थाच्या स्फटिकांची ठेवण बर्फासारखीच असते, हे 1946 मध्ये शास्त्रज्ञ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी हेरले. पण दूधच नसेल तर विरजण लावणार कशाला? दुष्काळी वर्षात मुळात बीजन करण्याजोगे ढगच कमी असतात.

मग विमानातून जिवाणूच का सोडत नाहीत? सिल्व्हर आयोडाइड विमानाला लावलेल्या नळकांड्यांत जाळून ढगात पसरवतात. जिवाणूचे प्रथिन त्या आचेत टिकणार नाही. जिवंत सोडावा, तर खाली शेतात तो रोगाचा जिवाणू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2018-19 मध्ये सोलापूर परिसरात केलेल्या प्रयोगांत तर बर्फाचा मार्गच सोडला. ढगाच्या बुडाशी, जिथे पाणी गोठत नाही, तिथे ओलावा ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले आणि बारीक थेंबांना मोठे होऊ दिले. बीजन केलेल्या ढगांपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. त्यासाठी बर्फाचे विरजण लावावे लागले नाही.