शेवाळातील इलेक्ट्रॉनांची वाट

तुमच्यापैकी जे पोंभुर्णा, मूल या बाजूचे असतील त्यांनी रोवणीनंतर धानाच्या बांधीत निळसर हिरवा, बुळबुळीत थर पाहिला असेलच. त्यात बहुधा नील-हरित शैवाल असते. नाव शैवाल, पण कूळ जीवाणूंचे. शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. त्याच्या काही जाती हवेतील नायट्रोजन धरून धानाच्या जमिनीला देतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवले होते. आज मात्र त्याच्या पेशीतले विजेचे काम पाहू.

झाडाच्या पानात प्रकाशसंश्लेषणासाठी हरितलवके आणि श्वसनासाठी तंतुकणिका, अशी वेगवेगळी दालने असतात. शैवालाच्या या पेशीत दालनेच नाहीत. एकाच पटलावर दोन्ही कामे चालतात. दिवसा प्रकाशाच्या जोरावर पाण्यातून इलेक्ट्रॉन काढले जातात आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. रात्री साठवलेल्या साखरेतून इलेक्ट्रॉन निघतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होते. गंमत अशी की, मधली वाट एकच! तिच्यावर एक लहानसे प्रथिन इलेक्ट्रॉनची ने-आण करते. दिवसा ते तो प्रकाशप्रणाली-१ ला पोचवते, तर रात्री सायटोक्रोम ऑक्सिडेजला.

हा हमाल दोन प्रकारचा असतो. एक प्लास्टोसायनिन. त्यात तांब्याचा एक अणू असतो आणि रंग निळा. जपानच्या कातो यांनी ते १९६० मध्ये क्लोरेला या हिरव्या शैवालात शोधले. दुसरा सायटोक्रोम सी-६. त्यात लोखंडाचा अणू, रंग लालसर. दोघांची घडण अगदी निराळी, पण विभव जवळजवळ सारखेच, सुमारे ०.३५ व्होल्ट. म्हणूनच एकाच्या जागी दुसरा चालतो. पाण्यात तांबे मिळाले की बऱ्याच जाती प्लास्टोसायनिन बनवतात, न मिळाल्यास सायटोक्रोम. लोखंडाचा हमाल जुना असावा असे मानतात. आदिम समुद्रात विरघळलेले लोखंड मुबलक होते आणि तांबे दुर्मिळ. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी या जीवांनीच सोडलेला ऑक्सिजन हवेत साचू लागला, तेव्हा पारडे फिरले.

आता मोरचुदाचे पाहा. शेवाळ मारायला पाण्यात मोरचूद टाकतात, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग. कणभर तांबे या पेशीला हवे असते. जास्त झाले की तेच इलेक्ट्रॉनांची वाट अडवते. मग बांधीतले खत देणारे शैवालही मरते. तेव्हा आधी चिमूटभर थर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. मण्यांच्या माळेसारखे तंतू दिसले आणि मध्येच एखादा मोठा, फिकट, जाड कवचाचा मणी आढळला, तर तो नायट्रोजन धरणारा. ऑक्सिजनमुळे त्याचे विकर निकामी होते, म्हणून त्याने पाणी फोडण्याचे काम बंदच ठेवलेले असते. इलेक्ट्रॉनांसाठी लागणारी साखर तो शेजारच्या मण्यांकडून घेतो आणि बदल्यात त्यांना नायट्रोजन देतो.