‘जन्मजात’ म्हणजे नेमके काय? : आईच्या पोटातले जंत आणि मुलाची प्रतिकारशक्ती

‘जन्मजात’ हा आपल्या समाजातला फार जुना आणि फार घातक शब्द आहे. माणूस जन्मतःच श्रेष्ठ वा कनिष्ठ, सशक्त वा दुबळा असतो असे सांगून या देशात शतकानुशतके माणसांची वाटणी झाली. धर्मशास्त्राचा आधार डळमळू लागला तेव्हा हाच विचार विज्ञानाचा अंगरखा घालून पुढे आला. ‘ते त्यांच्या रक्तातच असते’ ही भाषा सुशिक्षितांच्या तोंडी आजही ऐकू येते. म्हणून जन्माच्या वेळी मूल नेमके काय घेऊन येते आणि ते त्याला कोठून मिळते, हे कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे. गरोदर स्त्रीच्या अंगातील परजीवींचा अभ्यास या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकतो. विषय किळसवाणा वाटेल. पण ज्यांच्या वाट्याला हे जिणे आले आहे त्यांना किळस परवडत नाही.

नवजात मुलाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा कच्ची असते. पहिले काही महिने ते आईने दिलेल्या शिदोरीवर जगते. आईला पूर्वी झालेल्या आजारांमुळे आणि तिने घेतलेल्या लसींमुळे तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली असतात. ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. हा पुरवठा शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक होतो. गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचतात ती याचसाठी, की तिच्याबरोबर बाळाचेही रक्षण व्हावे. अपुऱ्या दिवसांचे मूल ही शिदोरी अर्धवटच घेऊन येते.

परंतु वारेतून केवळ शिदोरीच येते असे नाही. आईच्या अंगात परजीवी असेल तर त्याचे सूक्ष्म अंशही गर्भापर्यंत पोहोचू शकतात आणि गर्भाची यंत्रणा त्यांची दखल घेते. याचा पुरावा नाळेतील रक्तात मिळतो. आयजीएम या जातीची प्रतिपिंडे आकाराने मोठी असल्यामुळे वार ओलांडत नाहीत. तेव्हा नाळेच्या रक्तात एखाद्या परजीवीविरुद्धची आयजीएम सापडली, तर ती आईची नसून बाळाने स्वतः तयार केलेली असते. म्हणजे मूल जगात येण्यापूर्वीच आईच्या परिस्थितीशी त्याची ओळख झालेली असते.

आता परजीवीकडे वळू. आपल्याकडे सर्वात ओळखीचा तो अंकुशकृमी. उघड्यावर पडलेल्या विष्ठेतील अंड्यांमधून ओलसर मातीत अळ्या निघतात. त्या अनवाणी पायाची कातडी भेदून रक्तात शिरतात, फुफ्फुसांतून घशाशी येतात आणि गिळल्या जाऊन आतड्याला चिकटतात. तेथे हा कृमी रक्त पितो. जातीप्रमाणे दिवसाला अर्ध्या थेंबापासून चार-पाच थेंबांपर्यंत. एकाने काही बिघडत नाही, पण शेकडो कृमी वर्षानुवर्षे चिकटून राहिले की बाईच्या अंगात रक्त उरत नाही. पाय कुणाचे अनवाणी असतात, चिखलात उभे राहून लावणी आणि खुरपणी कोण करते, कुणाच्या वस्तीला संडास आणि पाणी शेवटी पोहोचते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. अळी जात विचारत नाही. पण तिच्या वाटेत कोणाचा पाय येईल हे समाजव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले असते.

हा पाहुणा इतकी वर्षे अंगात टिकतो कसा? आपल्या शरीराच्या प्रतिकाराच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. क्षयाच्या जंतूसारखे जे शत्रू पेशींच्या आत दडतात त्यांच्याशी लढण्याची एक, आणि जंतांसारख्या मोठ्या शत्रूला बाहेर हुसकण्याची दुसरी. जंत दीर्घकाळ राहिले की पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. शिवाय प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींना जंत चेतवतात आणि एकूण यंत्रणाच मवाळ करतात. घरात ठाण मांडायचे तर पहारेकऱ्याला आधी झोपवावे, तसा हा प्रकार आहे. प्रश्न असा, की आईचा पहारेकरी झोपला तर पोटातल्या बाळाचे काय होते?

पॅसिफिक महासागरातील कुक बेटांपैकी माउके या बेटावर हत्तीरोगाचा अभ्यास झाला. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत होते अशा स्त्रियांची मुले सतरा-एकोणीस वर्षांची झाल्यावर तपासली गेली. त्या जंताला त्यांच्या पेशी देत असलेला प्रतिसाद, जंतमुक्त मातांच्या मुलांपेक्षा मंद होता. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. गर्भात शिकलेली सहनशीलता तारुण्यापर्यंत टिकू शकते, असा त्याचा अर्थ. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत हत्तीरोग अपरिचित नाही, म्हणून विदर्भातल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

केनियात हत्तीरोग आणि शिस्टोसोमा या परजीवींवर असाच अभ्यास झाला. शिस्टोसोमा गोगलगायींच्या पाण्यातून अंगात शिरतो. हा रोग मुख्यतः आफ्रिकेचा; आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात तो १९५०च्या दशकात आढळल्याची नोंद आहे. केनियातील ज्या बाळांची यंत्रणा गर्भातच या जंतांना सरावली होती, त्यांच्यात क्षयावरील बीसीजी लशीला मिळणारा प्रतिसाद बराच कमी दिसला. ही गोष्ट १९९९ साली प्रसिद्ध झाली. तपासलेली मुले थोडी होती, पण प्रश्न गंभीर होता. हिवतापाची कथा वेगळी, तरी त्याच वळणाची. फाल्सिपेरम जातीचा परजीवी ज्या रक्तपेशींत शिरतो त्या वारेला चिकटून बसतात. पहिलटकरणीला याविरुद्ध संरक्षण नसते, म्हणून तिला धोका अधिक. मूल कमी वजनाचे होते. काही अभ्यासांत वारेतून जाणारी प्रतिपिंडेही कमी पडलेली दिसली, आणि अशी मुले स्वतःही हिवतापाला लवकर बळी पडताना आढळली.

मग गरोदर बाईला जंताची गोळी दिली की काम झाले? हाच प्रश्न युगांडातील एन्टेबे येथे विचारला गेला. २००३ ते २००५ या काळात २,५०७ गरोदर स्त्रियांना त्यात सामावून घेण्यात आले. काहींना जंताचे औषध आणि काहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी मिळाली. २०११ साली निष्कर्ष आले. मुलांच्या बीसीजी, धनुर्वात आणि गोवर या लसींच्या प्रतिसादात औषधाने फरक पडला नाही. आजारांचे प्रमाणही बदलले नाही. उलट अल्बेंडाझोल घेतलेल्या मातांच्या मुलांना इसब अधिक झाला. आईच्या जंतांमुळे मवाळ झालेली यंत्रणा त्वचेच्या अशा विकारांनाही आवर घालत असावी, असा तर्क यावरून केला जातो.

या निष्कर्षाचे दोन चुकीचे अर्थ काढले जातील, म्हणून आधीच सावध राहिले पाहिजे. एक अर्थ गरिबीचे कौतुक करणाऱ्यांचा: जंत अंगी असलेले बरे, मातीत वाढलेली मुले काटक होतात. असे बोलणारा आपल्या सुनेच्या पोटात अंकुशकृमी ठेवून घेणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याला अपुरा आहार हे मोठे कारण आहेच, पण जेथे अंकुशकृमी आहे तेथे तो त्यात भर घालतो. रक्तक्षयाने बाळंतीण दगावते. इसबाच्या भीतीने तिचे औषध रोखणे हा अन्याय ठरेल. दुसरा चुकीचा अर्थ वस्तीत पसरेल: आपल्या मुलांना लस लागूच पडत नाही. हे साफ खोटे आहे. प्रतिसाद काहींत कमी असेल, पण लस न घेतलेल्या मुलाला गोवर आणि घटसर्पापुढे काहीच आधार नसतो.

खरा अर्थ असा, की एका गोळीने परिस्थिती बदलत नाही. औषधाने जंत पडतात, पण बाई पुन्हा त्याच शेतात, त्याच चिखलात अनवाणी उतरली की नवे शिरतात. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात २०१८ पासून गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देण्याची तरतूद आहे. पहिल्या तीन महिन्यांत ती द्यायची नसते. लोहाच्या गोळ्याही आहेत. आपल्या वस्तीतील प्रत्येक पोटुशा बाईपर्यंत हे वेळेवर पोहोचते की नाही, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे. त्याच्याच जोडीला पाणी असलेला संडास, पायात चप्पल, पोटभर अन्न आणि बाळंतपणाआधी मजुरी न बुडता विश्रांती, या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणापूर्वीच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्राच्या हिताशी जोडला होता आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा असे मत मांडले होते. पोटातल्या बाळाविषयीचे आजचे ज्ञान त्या भूमिकेला बळच देते.

शेवटी ‘जन्मजात’ या शब्दाकडे पुन्हा पाहू. जन्माच्या वेळी असलेली प्रत्येक गोष्ट वंशाने आलेली नसते. माउकेच्या मुलांना लाभलेली मंदता त्यांच्या बीजातली नव्हती. आईच्या अंगात त्या नऊ महिन्यांत जे होते त्यातून ती आली होती. आईच्या पायाखालची माती, तिच्या हंड्यातले पाणी आणि तिच्या ताटातले अन्न यांची नोंद बाळाच्या शरीरात होत असते. ही नोंद ज्या परिस्थितीने केली ती माणसांनी घडवलेली आहे. तेव्हा ती बदलण्याची जबाबदारीही माणसांवरच येते, आणि ‘त्यांच्या रक्तातच असते’ असे म्हणून तिच्यापासून कुणालाही सुटका करून घेता येणार नाही.