हायपोफॉस्फेटेशिया

हायपोफॉस्फेटेशिया हा हाडे व दात यांच्या खनिजीभवनात बिघाड करणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. कॅनडातील बालरोगतज्ज्ञ जे. सी. रॅथबन यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. ‘एएलपीएल’ या जनुकातील दोषामुळे अल्कलाइन फॉस्फेटेज (एएलपी) या विकराची क्रियाशीलता घटते. एरवी हे विकर पायरोफॉस्फेटचे विघटन करते. तसे न झाल्यास पायरोफॉस्फेट साचते आणि हाडांत खनिज बसू देत नाही. तीव्र प्रकारात नवजात बालकाची छाती दुबळी राहून श्वसन धोक्यात येते. सौम्य प्रकारात पाचव्या वर्षाआधीच दुधाचे दात मुळासकट पडतात.

रक्तातील निदर्शके

एएलपी यकृताच्या नेहमीच्या तपासणीतच मोजले जाते. त्यामुळे निदानाचा धागा अनेकदा हाती आलेला असतो, पण वाचला जात नाही. वाढत्या मुलात हाडे सतत घडत असल्याने ही पातळी प्रौढांहून बरीच जास्त असते. प्रौढांची मर्यादा साधारण ४० ते १२० एकक प्रतिलिटर असते. त्याच मर्यादेवर मुलाचे ९० हे मूल्य तपासले, तर अहवाल ‘सामान्य’ येतो. वयाच्या मानाने मात्र ते कमी असते. शिवाय एएलपी वाढले की यकृताचा विचार होतो, घटले की सहसा कोणाचेच लक्ष जात नाही.

कमी मूल्य म्हणजे हाच आजार असे नव्हे. कुपोषण, जस्ताचा अभाव किंवा तीव्र रक्तक्षय यांतही ते घटते. ईडीटीए असलेल्या नळीत रक्त घेतल्यास विकराला लागणारे धातू बांधले जाऊन मूल्य खोटेच कमी येते. म्हणून चाचणी पुन्हा करतात. त्यानंतर रक्तातील पायरिडॉक्सल फॉस्फेट मोजतात. या आजारात ते वाढलेले असते. मात्र ब६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास हे मूल्यही फसवे ठरते. जनुकीय चाचणीने निदान पक्के होते.

मुडदुसाशी गल्लत

वाशीम जिल्ह्यात, महाराष्ट्रात इतरत्र होते त्याप्रमाणे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत मुडदूसही आहे. पाय वाकलेले मूल पाहून मुडदुसाची शंका येणे स्वाभाविकच आहे. परंतु मुडदुसात एएलपी वाढते, या आजारात घटते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तीव्र प्रकारातील बालकांच्या रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते. त्यांना ड जीवनसत्त्व व कॅल्शियमच्या मोठ्या मात्रा दिल्यास अपाय होतो.

उपचार

असफोटेज अल्फा हे त्वचेखाली टोचून द्यायचे विकर २०१५ मध्ये अमेरिका, युरोप व जपान येथे मान्य झाले. ते सुरू झाल्यावर रक्तातील एएलपी प्रचंड वाढते, त्यामुळे पुढील देखरेखीसाठी हा आकडा निरुपयोगी ठरतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईचे केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.