नवख्या क्वार्टरबॅकला मैदानात केव्हा उतरवावे?

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानात फुटबॉल हा शब्द वारंवार येईल, म्हणून प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. मुंबईच्या कूपरेज मैदानावर जो फुटबॉल खेळतात तो हा नव्हे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि बहुतेक वेळ तो पायाशी नसून हातात असतो. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. तो प्रतिपक्षाच्या हद्दीच्या टोकापलीकडे नेला म्हणजे टचडाउन झाले. एवढे ध्यानात ठेवले तर पुढील विवेचनास पुरे आहे.

या अकरा गड्यांत एकजण क्वार्टरबॅक असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाला द्यावा, कोणाकडे फेकावा, हे तो ठरवतो. हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. एक डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत साधारण चाळीस सेकंद असतात. त्या अवधीत प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या शिरस्त्राणातील रेडिओवर येतो. ही सोय १९९४ पासून आहे. पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. मग हा एकटाच. सांगितलेला लांबलचक डाव त्याने सोबत्यांना बिनचूक म्हणून दाखवावयाचा, समोरच्या फळीची मांडणी न्याहाळावयाची, तीत कपट दिसले तर आयत्या वेळी डाव बदलावयाचा, आणि चेंडू हातात आल्यावर अवघ्या अडीच-तीन सेकंदांत निर्णय करावयाचा. या वेळी सव्वाशे किलो वजनाची माणसे त्याला लोळवण्यासाठी धावत येत असतात.

आपल्याकडच्या क्रिकेटशी तुलना केली की फरक ध्यानात येईल. १९८९ साली कराचीला सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पंधरा धावांवर बाद झाला, तेव्हा डाव सावरावयास संघात दुसरे फलंदाज होतेच. क्वार्टरबॅकला ही सवड नाही. संघाचा बहुतेक प्रत्येक डाव त्याच्या हातून जातो, आणि त्याचे अपयश म्हणजे त्या दिवशी सगळ्या संघाचेच अपयश होय.

आता वादाच्या मुळाकडे वळू. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची ते पाळीपाळीने निवड करतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. नियम असा की आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली. हेतू चांगला आहे, दुबळ्याला बळ मिळावे. परंतु याचा परिणाम असा होतो की सर्वांत गुणी मुलगा सर्वांत पडक्या घरात दत्तक जातो! बावीस वर्षांचा हा पोरगा आणि वर्षानुवर्षे पराभव सोसलेले त्या शहरातले प्रेक्षक यांची गाठ पडते, आणि पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू होतो: याला केव्हा उतरवणार?

नियमित हंगामात सामने अवघे सतरा असतात. म्हणजे वर्षात सतरा वेळा जीव टांगणीला लावावयाचा आणि उरलेले दिवस त्यावर बोलावयाचे. सामन्यापूर्वी मैदानाबाहेर मोटारी उभ्या करून, तिथेच शेगडी पेटवून मांस भाजीत लोक वाद घालतात. रेडिओच्या कार्यक्रमांना दूरध्वनी करून घालतात, सोमवारी कचेरीत घालतात. सामना होऊन गेल्यावर शहाणपण सांगणाऱ्याला तिकडे ‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक’ असे नावच पडले आहे. तिथे आणखी एक थट्टेने म्हणतात की गावातला सर्वांत लाडका माणूस म्हणजे संघाचा दुसरा क्वार्टरबॅक. कारण उघड आहे: तो खेळलेलाच नसतो, मग त्याच्या चुका कोण काढणार?

फिलाडेल्फियाची १९९९ ची हकीकत या दृष्टीने मोठी मजेची आहे. तिथल्या संघाने ड्राफ्टमध्ये दुसऱ्या पाळीला डॉनोवन मॅकनॅब याला निवडले, तेव्हा न्यूयॉर्कला मुद्दाम गेलेल्या फिलाडेल्फियाच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांना दुसरा एक खेळाडू हवा होता. नवे प्रशिक्षक अँडी रीड यांनी मॅकनॅबला बाकावर बसवले आणि डग पीडरसन या अनुभवी गड्याला खेळवले. संघ हरू लागला. मग शरदात तेच शहर मॅकनॅबला उतरवा म्हणून ओरडू लागले, आणि नोव्हेंबरात तो उतरला. त्या वर्षी सोळांपैकी अकरा सामने गेले. पण पुढे हाच मॅकनॅब संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

‘आताच उतरवा’ म्हणणाऱ्यांची बाजू ऐकावयास बसलो तर ते प्रथम पेटन मॅनिंगचे नाव घेतात. १९९८ साली इंडियानापोलिसने त्याला पहिल्या पाळीला घेतले आणि पहिल्या सामन्यापासून सोळाच्या सोळा सामने खेळवले. त्याचे अठ्ठावीस पास प्रतिपक्षाने झेलले. नवख्याच्या बाबतीत हा विक्रमच ठरला. संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला. पुढच्या वर्षी तेरा जिंकले, तीन हरले. त्याच्या अगोदर १९८९ साली डॅलसचा ट्रॉय एकमन अकरा सामन्यांत उतरला आणि अकराही हरला. पुढे त्याने तीन विजेतेपदे मिळवली. १९७० साली पिट्सबर्गच्या टेरी ब्रॅडशॉचे टचडाउनचे पास सहा आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेले चोवीस. त्याची विजेतेपदे चार. पोहणे काठावर बसून येत नाही, पाण्यात पडावे लागते, असा यांचा एकूण युक्तिवाद.

‘थांबा’ म्हणणारा पक्ष आरन रॉजर्सचे नाव पुढे करतो. ग्रीन बेने २००५ साली घेतलेला हा मुलगा ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षे बसला, २००८ मध्ये मुख्य झाला आणि २०१० च्या हंगामाचे विजेतेपद त्याने आणले. पॅट्रिक महोम्सचा दाखला तर अलीकडचा आणि अधिक झळझळीत. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने त्याला दहाव्या पाळीला घेतले. प्रशिक्षक पुन्हा तेच अँडी रीड. अलेक्स स्मिथ नावाच्या जाणत्या क्वार्टरबॅकच्या मागे महोम्स वर्षभर राहिला आणि नियमित हंगामातील फक्त शेवटचा सामना खेळला. पुढच्या वर्षी त्याने पन्नास टचडाउनचे पास दिले. आपल्या गायकीत शिष्य गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसतो, गुरू खुणावतील तेव्हाच सूर लावतो, आणि त्या बसण्यातच त्याची अर्धी तालीम होते. तशातलाच हा प्रकार.

दोन्हींकडची नावे मोठी आहेत, आणि म्हणूनच हा वाद नावांनी सुटत नाही. १९९८ च्याच ड्राफ्टमध्ये मॅनिंगपाठोपाठ दुसऱ्या पाळीला रायन लीफ गेला. सॅन डिएगोने त्यालाही ताबडतोब उतरवले. दोन टचडाउनचे पास, पंधरा प्रतिपक्षाच्या हाती, आणि काही वर्षांतच कारकीर्द आटोपली. उपचार एकच, एक रोगी धावू लागला, दुसरा उठलाच नाही.

मला स्वतःला या वादात एक गोष्ट सतत खटकते. दोन्ही पक्ष मुलाची तयारी मोजतात. घराची तयारी कोणी मोजत नाही. बसून शिकलेले जे यशस्वी झाले ते कोठे बसले होते? ग्रीन बेकडे फार्व होता. कॅन्सस सिटीने आदल्या हंगामात सोळांपैकी बारा सामने जिंकले होते. सुस्थितीतल्या संघालाच वाट पाहणे परवडते, आणि मग यश आले की श्रेय वाट पाहण्याला मिळते! उलट पिट्सबर्गचा बेन रॉथलिसबर्गर पाहा. २००४ साली दुसऱ्याच सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून हा नवखा उतरला, आणि नियमित हंगामातले आपले तेराही सामने त्याने जिंकले. संघाचा बचाव भक्कम होता, चेंडू घेऊन धावणारे गडी खंबीर होते. सगळा भार त्याच्या खांद्यावर नव्हता.

घर पडके असेल तर काय होते, हे ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला विचारावे. २००२ साली ह्यूस्टनचा संघ नव्यानेच लीगमध्ये आला आणि पहिल्याच पाळीला त्याने कारला घेतले. क्वार्टरबॅकच्या रक्षणासाठी पुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी असते; ह्यूस्टनची फळी कच्ची होती. त्या एका हंगामात चेंडू हातात असतानाच कारला शहात्तर वेळा लोळवण्यात आले. एका हंगामातला हा विक्रम आहे. यात नुसत्या हाडांचा प्रश्न नाही. क्वार्टरबॅकने दूरवर, आपला गडी कोठे मोकळा होतो तिकडे पाहावयाचे असते. वारंवार आपटला गेलेला मुलगा जवळ पाहू लागतो: कोण येतो आहे, कोठून येतो आहे. नजर खाली आली की खेळ गेला, आणि ही सवय एकदा जडली की सुटणे कठीण. कार पाच हंगाम तेथे राहिला. जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा अधिक, असा एकही हंगाम त्याच्या वाट्याला आला नाही.

आता यात पैशाचा भाग आला आहे. २०१० मध्ये पहिल्या पाळीच्या सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांचा अठ्ठ्याहत्तर दशलक्ष डॉलरचा करार झाला. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार होऊन नवख्यांच्या वेतनाला मर्यादा पडली, आणि त्याच वर्षी पहिल्या पाळीला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे बावीस दशलक्ष मिळाले. म्हणजे नवखा क्वार्टरबॅक चार वर्षे स्वस्त पडतो, आणि वाचलेल्या पैशात संघ इतर चांगले गडी घेऊ शकतो. तो बाकावर बसला की स्वस्ताईचे एक वर्ष फुकट गेले. पूर्वी घाई प्रेक्षकांना असे. आता मालकालाही आहे.

याच कराराने सरावही कमी केला. पूर्ण चिलखत घालून करावयाचा सराव हंगामात चौदा दिवसांवर आला. जो थोडा सराव होतो तो मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातो, आणि बाकावरच्या मुलाला बघण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला निदान सूर तरी लावता येतो. ‘थांबा’ म्हणणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. बाक ही आपोआप शाळा होत नाही. शिकवणारा असेल तर होते.

२०२३ साली जणू परीक्षाच पाहावी तसे दोन घरांत घडले. पहिल्या पाळीला ब्राइस यंग कॅरोलायनाकडे गेला, दुसऱ्या पाळीला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनकडे. दोघेही पहिल्या सामन्यापासून उतरले. ह्यूस्टनने सतरांपैकी दहा जिंकले आणि बाद फेरीतही एक सामना मारला. कॅरोलायनाने दोन जिंकले, पंधरा हरले; नोव्हेंबरातच प्रशिक्षकाला घरी पाठवण्यात आले. पण पहिली पाळी कॅरोलायनाची नव्हतीच, ती तिने शिकागोकडून विकत घेतली होती. तिच्या मोबदल्यात पुढील निवडींचे हक्क दिले आणि डी. जे. मूर हा आपला उत्तम झेल घेणारा गडीही दिला. ज्याच्याकडे चेंडू फेकावयाचा तोच देऊन फेकणारा आणला! २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर यंगला बाकावर बसवले. पाच सामन्यांनंतर त्याच्या जागी खेळणारा अँडी डाल्टन मोटार अपघातात अंगठा दुखावून बसला, यंग परत आला, आणि खरोखर पुष्कळ सुधारलेला दिसला. ‘बसवले म्हणून सुधारला,’ असे एक पक्ष म्हणाला. ‘पहिल्या वर्षी मार खाल्ला म्हणून शिकला,’ असे दुसरा. दोघेही अगदी निःशंक होते.

आणखी एका माणसाचा विचार या वादात फार थोडे लोक करतात. तो म्हणजे संघातला जुना खेळाडू. २००४ साली न्यूयॉर्क जायंट्सचा कर्ट वॉर्नर हा अनुभवी क्वार्टरबॅक नऊपैकी पाच सामने जिंकून बसला होता, बाद फेरीची आशा जिवंत होती. तरीही प्रशिक्षकांनी त्याला काढून पेटनचा धाकटा भाऊ, नवखा ईलाय मॅनिंग, याला उतरवले. ईलाय लागोपाठ सहा सामने हरला, सातवा जिंकला, हंगाम संपला. भविष्यासाठी वर्तमान खर्च केले, असे म्हणतात ते हेच. पण खर्च कोणाचे झाले? त्या संघात टिकी बार्बर होता. चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याची उमेदीची वर्षे फार थोडी असतात, आणि त्या वर्षी तो पंधराशे यार्डांहून अधिक धावला होता. त्याने आणखी दोन हंगाम वाट पाहिली आणि २००६ च्या हंगामानंतर निवृत्ती घेतली. ईलायने जायंट्सना सुपर बोल जिंकून दिला तो फेब्रुवारी २००८ मध्ये.